लादीखालचं काम

आत्ये, तुझ्या तेराव्याला घर भरून माणसं आली. पडवीत चपलांचा ढीग झाला. तू ज्यांची बाळंतपणं केलीस त्या बायका आल्या, ज्यांना वॉर्डात रागावून खाटेवरून उठवलंस आणि चालायला लावलंस ते म्हातारे काठ्या टेकत आले. सगळ्यांनी तुझी आठवण काढली. सिस्टर कडक होत्या पण हात हलका होता, सुई टोचलेली कळायची नाही, असं प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं. मी चहाचा ट्रे घेऊन माजघरातून ओटीवर जात-येत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं, की एवढ्या माणसांपैकी एकानेही खाली पाहिलेलं नाही. कुणाचा पाय अडखळला नाही, कुणी घसरलं नाही, म्हणून बघायची गरजच पडली नाही.

नर्स म्हणून तू काय होतीस ते त्यांना ठाऊक आहे. मी तेव्हा लहान होते, आणि तू सदैव कुठल्यातरी बदलीच्या गावी. मला जी तू कळलीस ती शेवटच्या सव्वा वर्षात, या घरात, धुळीने माखलेली. त्या कामाबद्दल तेराव्याला कुणी बोललं नाही. ते आता लादीखाली गेलंय.

बाबा पडले तेव्हा मी लॅबमध्ये होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर वर्षभर खपून ते वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायला लागले होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे मी कामावर गेले की ते एकटे. माजघरातली एक लादी कधीपासून कडेला उचललेली होती. तिच्यावर मी पायपुसणं टाकून ठेवलं होतं. त्याच पायपुसण्यात वॉकरचा पाय अडकला. शेजारच्यांनी हाक ऐकली म्हणून बरं. एक्स-रे काढला, खुब्याचं हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आराम करा आणि मग पुन्हा चालायला लागा. दोन आठवडे झाले, महिना झाला, बाबा उभे राहीनात. पाय सोडले की जमिनीकडे बघायचे आणि परत वर घ्यायचे.

तू चार दिवसांसाठी आलीस. चिपळूणचा तुझा फ्लॅट बंद करून, एक बॅग घेऊन. मला वाटलं, आता तू बाबांना वॉर्डातल्यासारखी दमात घेशील. तू त्यांना काहीच बोलली नाहीस. पहिल्याच दिवशी दुपारी स्वयंपाकघरातला पितळी डाव घेऊन खाली बसलीस आणि त्याच्या दांड्याने एकेक लादी ठोकायला लागलीस. ठोकायचं, कान जवळ न्यायचा, पुढे सरकायचं. जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने फुली. मी संध्याकाळी आले तेव्हा माजघरभर फुल्या होत्या.

"हे काय गो आत्ये?"

"छाती तपासतात तशी तपासली," तू म्हणालीस. "अर्धी जमीन आतून सुटलेली आहे. वरून दिसत नाही एवढंच."

बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "बाय, उगाच घर उकरू नको हां."

"तू झोप," तू म्हणालीस. बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी असल्याचा हक्क तू असा दोन शब्दांत वसूल करायचीस.

मग शौकत मिस्त्री आले. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला राहणारे, गावात बऱ्याच घरांच्या लाद्या त्यांनीच बसवलेल्या. त्यांनी फुल्या पाहिल्या, मान हलवली आणि आजकाल सगळे सांगतात तो मार्ग सांगितला. जुनी लादी काढायचीच नाही. सुटलेल्या तेवढ्या चिकटवायच्या, त्यावर गम लावून नवी लादी बसवायची. आठवड्यात काम संपेल, धूळ नाही, राडा नाही. मला तर ते ऐकून हायसं वाटलं.

तू त्यांना चहा दिलास, खुर्ची दिलीस आणि विचारलंस, "मिस्त्री, ही लादी उचलली का?"

"जुनी झाली, सिस्टर."

"जुनी तर मी पण झालेय. का उचलली ते सांगा."

शौकतभाई हसले. मग म्हणाले, खालचा कोबा फुगला असेल, नाहीतर बसला असेल. तोडल्याशिवाय काय सांगणार?

"मग तोडल्याशिवाय वर काय बसवणार?" तू म्हणालीस. "आत पू असताना वरून पट्टी बांधली तर ती दोन दिवस छान दिसते. मी आयुष्यभर त्या पट्ट्या सोडवल्यात."

तुला बांधकामातलं काही येत नव्हतं, आणि ते तू लपवलंही नाहीस. ते शिकायला लागलीस याचंच मला जास्त कौतुक. बाजारात जाताना जिथे घराचं काम चालू दिसेल तिथे थांबायचीस. मिक्सरजवळ उभ्या माणसाला विचारायचीस, हे कशाला, ते किती वेळ. सत्तरी ओलांडलेली बाई, काठाची सुती साडी, हातात मासळीची पिशवी, आणि प्रश्न असे की समोरचा हातातलं काम टाकून उत्तर द्यायचा. घरी आलीस की बांगडे साफ करता करता मला सांगायचीस. मी अर्ध्या कानाने ऐकायचे. आता त्यातलं सगळं आठवतं.

त्या ऐकीव माहितीतूनच तू प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा आणलीस. माजघरात दोन ठिकाणच्या सुटलेल्या लाद्या काढल्यास, उघड्या कोब्यावर कागद पसरून चारी कडांना चिकटपट्टी लावलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना बोलावलंस. म्हणजे मला हाक मारलीस आणि बाबांच्या खोलीचं दार उघडं ठेवलंस. पुढच्या भिंतीकडचा कागद कोरडा होता. मागच्या भिंतीजवळच्या कागदाला आतून दव धरलं होतं. पावसाळा संपून कैक महिने झाले होते, फाल्गुनाचं ऊन बाहेर तापत होतं, आणि आमच्या जमिनीला घाम फुटला होता.

शौकतभाईंनी कागदाचं टोक उचलून कोब्यावर तळवा ठेवला. मग म्हणाले, "तोडूया, सिस्टर."

तोडायला घेतलं आणि घरात राहणं मुश्कील झालं. तेवढे दिवस बाबांची खाट पडवीत आणली. बाबा आयुष्यभर टापटिपीने राहिलेले. ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. लाद्या निघाल्या, खालचा कोबा निघाला, आणि कोब्याखाली तू म्हणालीस तसंच निघालं. आजोबांनी घर बांधलं तेव्हा जोत्यात जी माती भरली होती ती बसत बसत खाली गेली होती. कोबा वर तसाच राहिला होता, मधे नुसती पोकळी. शौकतभाईंनी कोपऱ्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. त्या पोकळ जागेवरून आम्ही वर्षानुवर्षं चालत होतो, सण करत होतो, आईचं आजारपण काढलं होतं. मी भिंतीला धरून मागे सरले. तू मात्र वाकून टॉर्चने आत बघत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर समाधान होतं, रोग सापडल्यावर असतं तसं.

आणि मागच्या भिंतीकडची माती ओली होती. मुठीत धरली तर लाडू वळावा इतकी.

आपलं घर टेकाडाच्या उतारावर, मागचा जांभा कापून बसवलेलं. वरचं पाणी कातळातून झिरपत येणार, हे शौकतभाईंनी लगेच ओळखलं. पण ते नेमकं कुठून येतंय हे उन्हाळ्यात कळेना. तेव्हा तू ते वाक्य बोललीस, ज्यावरून आपली जुंपली.

"एक पावसाळा उघडं ठेवूया."

मला आधी वाटलं तू गंमत करतेस. पावसाळ्याचे चार महिने माजघरात उघडी माती, बाबा एका खोलीत, स्वयंपाक पडवीत? मी म्हटलं, आत्ये, मागून चर खणायचाच आहे ना, मग आत्ता खणू, भराव घालू, काम संपवू. बाबांचा एकेक महिना वाया जातोय. तू म्हणालीस, चर कुठे खणायचा, किती खोल, पाणी थांबलं की नाही, हे कसं कळणार? मी म्हटलं, सगळंच कळायला पाहिजे असं नाही. तू म्हणालीस, "मला पाहिजे."

चार दिवस आपण कामापुरतं बोललो. शौकतभाई माझ्या बाजूचे होते, ते तुलाही माहीत होतं. पण ऐकलं तुझंच गेलं. खरं सांगायचं तर मला अजूनही वाटतं, की भिंतीलगतचा भाग सोडून बाकीचं काम आधी उरकता आलं असतं. तू हे कधीच मान्य केलं नाहीस. नंतरही विषय निघाला की तू म्हणायचीस, "अर्धं उरकलेलं मला आवडत नाही," आणि मी म्हणायचे, "तुला आवडण्याचा प्रश्न नव्हता." हा वाद आपला असाच राहिला. आता मी कुणाशी घालू?

पण ते चार महिने तू ज्या तऱ्हेने काढलेस ते मी विसरणार नाही. बाबांच्या खोलीपासून पडवीपर्यंत फळ्या टाकून वाट केलीस. रोज सकाळी उठून आधी माजघरात जायचीस, उकिडवी बसून माती बघायचीस. आषाढात एका सकाळी तुझी हाक आली. न्हाणीघराच्या भिंतीच्या कोपऱ्यात पाणी उपळत होतं. बारीक, स्वच्छ, आवाज न करता. तू मला हाताने खाली बसवलंस.

"बघ, कसं शांतपणे येतंय," तू म्हणालीस. तुझ्या आवाजात राग नव्हता. जणू कुणी पाहुणा बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

शौकतभाईंनी पावसाची उघडीप बघून त्याच कोपऱ्याच्या मागे, भिंतीच्या पायापेक्षा खोल चर खणला. त्यात दगड भरले आणि तो बाजूच्या गटाराला नेऊन जोडला. तू छत्री धरून उभी. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातलं पाणी थांबलं. पुढे आषाढ संपता संपता मुसळधार झाली तेव्हाही आत थेंब आला नाही. तू मला काही बोलली नाहीस. फक्त त्या दिवशी रात्रीच्या जेवणात माझ्या आवडीची तिसऱ्यांची एकशिपी, एका शिंपीसकट शिजवलेली, केलीस, आणि मी समजले ते समजले.

नवरात्रानंतर खरं काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी अडलं. ओटी आणि माजघर यांच्यामधला उंबरा. सागवानी, चांगला चार बोटं उंच, मधे झिजलेला. ओटीवर यायचं तर बाबांना वॉकर उचलून त्यावरून टाकावा लागायचा, आणि एक हात कमजोर असलेल्या माणसाला तेच जमत नव्हतं. तू शौकतभाईंना सांगितलंस, उंबरा काढा.

बाबा खाटेवर उठून बसले. "उंबऱ्याला हात लावायचा नाही."

"तुझ्यासाठीच काढतेय."

"माझ्यासाठी नको. आईने रोज हळदकुंकू लावलंय त्याला. तिचा हात लागून झिजलाय तो."

"तिचा हात नाही, आपले पाय लागून झिजलाय," तू म्हणालीस. "तू मुंबईला नोकरी शोधायला निघालास तेव्हा याच उंबऱ्याला अडखळलास आणि आई म्हणाली, जाऊ नको. आठवतंय?"

"गेलो नाही ना मग."

"तेच सांगतेय."

मी आणि शौकतभाई मधे उभे. मी पहिल्यांदाच पाहत होते, की पडल्यापासून कशातच रस न घेणारे बाबा एका गोष्टीसाठी भांडत होते. तेही तुझ्याशी. मला वाटतं, तुझ्याही ते लक्षात आलं असावं, कारण तू भांडण तिथेच सोडलंस. असं तू कधी करत नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी शौकतभाईंनी पाण्याच्या नळीने पातळी काढली. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक तुझ्या हातात दिलं, दुसरं त्यांच्या. ओटीपासून आतल्या खोलीपर्यंत भिंतीवर खुणा करून नीळ लावलेली दोरी मारली. सगळ्या घराला एक निळी रेघ आली. तू त्या रेघेवरून बोट फिरवत उंबऱ्यापाशी आलीस. मग विचारलंस, "मिस्त्री, उंबरा खाली आणता येत नाही, तर जमीन वर आणता येईल?"

शौकतभाई डोकं खाजवत राहिले. येईल, पण भराव जास्त लागेल. दारं खालून कापावी लागतील. स्वयंपाकघर खाली राहील, तिथे उतार द्यावा लागेल. पडवीची पायरी उंच होईल, तिथेही उतार.

"द्या," तू म्हणालीस.

आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणालीस, "आईच्या उंबऱ्याला कुणी हात लावत नाही. झोप आता."

बाबा त्या दिवशी झोपले नाहीत. मला म्हणाले, सुमे, मला खुर्चीत बसव आणि खुर्ची दाराशी ने. तिथून पुढे रोज ते दारात बसून काम बघायला लागले.

भरावाची माती थराथराने पडायची, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायची. तो जड ठोकळा दोघं उचलून आदळायचे, घर हलायचं, आणि तू प्रत्येक थरावरून अनवाणी चालून बघायचीस. टाच रुतली की "इथे अजून" म्हणायचीस. माणसं कंटाळायची. शौकतभाई एकदा वैतागून म्हणाले, "सिस्टर, यावर रणगाडा चालवणार आहात काय?"

"माझा भाऊ चालवणार आहे," तू म्हणालीस. "रणगाडा एवढा घाबरट नसतो."

खुर्चीतून बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी.

मातीवर दगडांचं सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर थोडा चढवून, त्यावर काँक्रीट. कागद पसरताना तू स्वतः गुडघ्यांवर बसून जोड तपासलेस, कुठे भोक पडलं तर तिथे दुसरा तुकडा. काँक्रीट पडल्यावर गोणपाटं टाकून त्यांना ओलं ठेवायचं काम तू कुणाला दिलं नाहीस. मी म्हटलं, पाणी मी मारते, तुझी कंबर दुखतेय. तू म्हणालीस, तू विसरशील. विसरले नसते मी, आत्ये. पण द्यायचं नव्हतंच तुला.

मग वरची पातळी. शौकतभाईंनी गिलाव्याचा हात फिरवला, गुळगुळीत केलं, आम्हाला वाटलं झालं. तू लांब सरळ पट्टी मागितलीस, जमिनीवर आडवी ठेवलीस, आणि कपाटातून बाबांचा तो खुब्याचा एक्स-रे काढून आणलास. ती फिल्म पट्टीच्या खालून सरकवायला लागलीस. सरकली की तिथे खळगा आहे असं समजायचं. माजघरभर तू ती फिल्म सरकवत फिरलीस, आणि जिथे जिथे ती शिरली तिथे खडूने गोल. फुल्यांऐवजी आता गोल. शौकतभाईंनी प्रत्येक गोल भरून दिला. शेवटी त्यांनीच पट्टी धरली आणि तू फिल्म, आणि ती कुठेच शिरेना तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, एवढं मी माझ्या घरात नाय केलं."

"मग करा," तू म्हणालीस. "घरी कोण म्हातारं आहे?"

"अम्मी."

"मग कराच."

त्यांनी केलं, आत्ये. तेराव्यानंतर येऊन त्यांनी सांगितलं. अम्मीची खोली उकरली, म्हणाले.

नंतर लादी बसायला किती थोडा वेळ लागला. लादीचा रंगसुद्धा तू मला निवडायला सांगितलास. "खरखरीत घे एवढंच," म्हणालीस, आणि वाल सोलायला बसलीस. ज्या गोष्टीसाठी लोक दुकानांतून हिंडतात तिच्यात तुला काडीचा रस नव्हता. लादी बसली, सांधे भरले, आणि घर एकदम स्वच्छ, गप्प झालं. उंबरा जमिनीत नुसती एक लाकडी रेघ होऊन राहिला. तू कुंकवाची डबी आणून तिथे बोट टेकवलंस आणि बाबांना दाखवलंस.

तरी ते उभे राहिले नाहीत. मला वाटलं होतं, एवढं केल्यावर लगेच राहतील. माझी निराशा झाली. तुझी झाली नाही. तू त्यांचा वॉकर घेतलास आणि स्वतः चालायला लागलीस. टक, टक, टक. खोलीतून माजघर, माजघरातून ओटी, ओटीवरून परत. जणू तुलाच तो लागत होता. रोज संध्याकाळी. बाबा ऐकायचे. कुठेही आवाज बदलत नव्हता, कुठे पोकळ नव्हतं, कुठे अडत नव्हतं. किती संध्याकाळी तू अशी फिरलीस ते मी मोजलं नाही. एके दिवशी बाबा खोलीतून म्हणाले, "बाय, आता दे तो इकडे."

तू वॉकर त्यांच्या पुढ्यात ठेवलास आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेलीस. बघायला थांबली नाहीस. मी थांबले. ते उभे राहिले, माजघर ओलांडून ओटीवर गेले, बाकड्यावर बसले आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत राहिले. मी आत येऊन तुला सांगितलं. तू आमटीला फोडणी देत होतीस. "हां," म्हणालीस. पण मोहरी करपली, आत्ये. तुझ्या हातून मोहरी करपलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

मी तुला एकदा विचारलं होतं, हे सगळं का केलंस. फ्लॅट बंद ठेवून, कंबर मोडून. तू आधी उत्तर टाळलंस. मग कधीतरी, पडवीत कपडे घड्या करताना, आपणहून बोललीस. वॉर्डात तू कितीतरी माणसांना उभं केलंस, चालतं करून घरी पाठवलंस. त्यातली काही पुन्हा यायची. न्हाणीत घसरली, पायरीवर पडली, लादी निसटली. दुसऱ्यांदा आलेली माणसं फारशी उठायची नाहीत. "मी त्यांना घरी पाठवलं, पण घर कसं आहे ते कधी विचारलं नाही," तू म्हणालीस. "ते माझं काम नव्हतं. पण मनात राहिलं." मग घडी मोडून परत घातलीस, कारण कडा जुळल्या नव्हत्या.

मला तेव्हा तुला काहीतरी सांगायचं होतं. की आई गेल्यानंतर मी या घरात एकटीने बाबांना सांभाळत होते तेव्हा दर सकाळी कुलूप लावून निघाले की मी दोनदा परत येऊन बघायचे. की तू आल्यापासून मी लॅबमध्ये पहिल्यांदा कुणाच्या तरी विनोदावर पोट धरून हसले. तू निघायचं नाव काढत नव्हतीस आणि मी ते काढू देत नव्हते, एवढ्यावर आपलं चाललं होतं. आभार मानले असते तर तू म्हणाली असतीस, कपडे उचल. म्हणून राहिलं.

त्या सकाळी तू मागच्या चरातला पाला काढायला गेली होतीस. पाऊस महिनाभरावर आला होता. आत आलीस, हात धुतलेस, ओटीवरच्या बाकड्यावर बसलीस आणि मला हाक मारलीस. तुझा आवाज नेहमीसारखाच होता.

"सुमे, रिक्षा नको, गाडी बोलव. छातीत आहे. माझ्या पाकिटातली ती जिभेखाली ठेवायची बारीक गोळी दे. आणि बाबाला सांग, धावत येऊ नको."

गाडीत तू माझा हात धरला होतास, का माझ्या मनगटावरची नाडी बघत होतीस, कोण जाणे. इस्पितळात पोचल्यावर त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. तू दुपारी गेलीस.

तुला घरी आणलं, ओटीवर ठेवलं. माणसं जमली. बाबांना कुणीतरी आत जाऊन सांगितलं होतं. दोघातिघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर आणायचं ठरवलं, खुर्ची धरलीही. मला बाबांचा आवाज ऐकू आला.

"नको. मी येतो."

माणसं बाजूला झाली. वॉकरचा आवाज माजघरातून येऊ लागला. टेकवायचा, एक पाऊल, दुसरं पाऊल, पुन्हा टेकवायचा. कुणी हात द्यायला पुढे झालं तर ते मान हलवायचे. खाली एकदाही बघितलं नाही त्यांनी. समोर बघत आले, तुझ्याकडे बघत. तुझ्या उशाशी येऊन थांबले आणि वॉकर मला दिला. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन हळूहळू खाली बसले, लादीवर, तुझ्याशेजारी. झटक्यानंतर ते कधी जमिनीवर बसले नव्हते.

तुझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "बाय, चालत आलो गो."